घसेल त्याचा फोन

‘मी वरील सर्व अटी वाचल्या आहेत आणि त्या मला मान्य आहेत.’ आपल्या देशात दिवसभरात जेवढं खोटं बोललं जातं, त्यात या एका वाक्याचा नंबर फार वरचा असावा. कोर्टात शपथेवर खोटं बोलणारा निदान आवंढा तरी गिळतो. इथे माणूस चहाचा कप एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खोटं बोलतो. आमच्या भुईगावात मात्र एक गृहस्थ असे आहेत, की हे वाक्य त्यांनी आजवर एकदाही खोटं म्हटलेलं नाही. ते आधी सगळं वाचतात. वाचून झालं की बहुधा त्यांना मान्य नसतं.

गाव त्यांना फिटरकाका म्हणतं. रेल्वेच्या वर्कशॉपात जन्मभर फिटर होते. पहाटेची विरार लोकल, हातात डबा, खिशात टेस्टर. निवृत्त झाल्यावर डबा सुटला, टेस्टर राहिला. वाडीच्या कडेला, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, बाजूला एक पत्र्याची पडवी आहे, तिथे त्यांचं टेबल. त्यावर पोट उघडून पडलेल्या वस्तू: कुणाचा राउटर, कुणाचा सेट-टॉप बॉक्स, जावयाने मोठ्या हौसेने दिलेलं आणि पुन्हा कधीच न मागितलेलं मनगटी घड्याळ. काकूंनी लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी त्यांच्याकडून एक लेखी करार करून घेतला आहे. फ्रिज, मिक्सर आणि गिझर या तीन वस्तूंना हात लावायचा नाही. काकांनी तो करार नीट वाचला, ‘गिझर’ शब्दापुढे ‘चालू स्थितीत असेपर्यंत’ असं घालून घेतलं आणि मगच सही केली.

हे सगळं सांगतो आहे ते काका विक्षिप्त आहेत म्हणून नव्हे. विक्षिप्त माणसांना वसई तालुक्यात तोटा नाही. काकांचं वेगळेपण असं, की त्यांना एकच प्रश्न पडलेला आहे आणि तो ते सगळ्यांना विचारतात. मी पैसे मोजले, बिल माझ्या नावावर, वस्तू माझ्या घरात. मग ती ऐकते दुसऱ्याचं, हे कसं?

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तो वसई स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानातल्या पोऱ्याने. नवा फोन. पोऱ्याने सवयीने पेटी फोडली, फोन चालू केला आणि पडद्यावरच्या ‘मान्य आहे’कडे त्याचा अंगठा निघाला. काकांनी वरच्या वर त्याचं मनगट धरलं.

“काय मान्य करतोस?”

“काका, ते असंच असतं.”

“कसंच?”

पोऱ्याला उत्तर नव्हतं. काकांनी चष्मा लावला, स्टूल ओढलं आणि वाचायला बसले. आधी चहा आला. मग दुकानाचं शटर दुपारच्या जेवणासाठी अर्धं खाली आलं, पुन्हा वर गेलं. मालक स्वतः येऊन म्हणाला, “काका, घरी निवांत वाचा ना.” काका म्हणाले, “घरी नेला म्हणजे घेतला. घेतला म्हणजे मान्य केलं. हे बघ, इथेच लिहिलंय.” मालकाने पहिल्यांदाच आपल्या दुकानातली एक अट वाचली, आणि त्याला घाम फुटला.

ही वाचनाची खोड धर्मापर्यंत गेली. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात काकांनी फादरांना गाठलं. न वाचता ‘वाचलं आहे’ म्हणणं हा आठव्या आज्ञेचा भंग होतो की नाही? खोटी साक्षच की ती! फादर हसले, पाठ थोपटली, पुढच्या माणसाकडे वळले. त्याच आठवड्यात ते स्वतःचा फोन घेऊन पडवीत हजर झाले. फोनमध्ये कंपनीने आपणहून घातलेला एक पत्त्यांचा खेळ होता, तो काही केल्या निघत नव्हता, आणि उपदेशाच्या टिपणांवर त्याच्या जाहिराती टपकत होत्या.

पण काकांना खरी वाट सापडली ती नाताळात. मुलीने मीरा रोडहून नवा टीव्ही आणला होता. चोवीस डिसेंबरची संध्याकाळ, अंगणात गव्हाणी सजलेली, आत करंज्यांचा घाणा, आणि सगळी नातवंडं टीव्हीसमोर चित्र यायची वाट बघत बसलेली. काका रिमोट घेऊन सेटिंगमध्ये शिरले. तिथून ‘माहिती’त, तिथून ‘कायदेशीर’मध्ये, आणि अगदी तळाशी, जिथे शहाणा माणूस कधी जात नाही, तिथे ‘ओपन सोर्स परवाने’ असं काहीतरी दिसलं. त्यांनी ते उघडलं. भिंतीएवढ्या पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांची पानंच्या पानं सरकू लागली. नातवंडं रडायला लागली. काका शब्दकोश मागत होते.

अर्थ लावायला आमच्या आळीतला इंजिनिअरिंगचा पोरगा लागला. त्याने सांगितलं ते असं. या टीव्हीच्या पोटात लिनक्स नावाचं, यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर आहे. ते कंपनीने लिहिलेलं नाही, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय आणि जीपीएल नावाच्या परवान्याखाली सगळ्यांना देऊन टाकलंय. तो परवाना म्हणतो: चालवा, आतून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, अट एकच, की ज्याला द्याल त्यालाही हेच सगळे हक्क द्यायचे, आणि मूळ आज्ञावलीही, म्हणजे सोर्स कोडही, द्यायची.

काका बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. “म्हणजे हा हक्क मला आहे?”

“आहे.”

“मग मी बदलू?”

“बदला. पण बदललेलं या टीव्हीवर चालणार नाही. टीव्ही चालू होताना कंपनीची डिजिटल सही तपासतो. सही जुळली नाही की बंद.”

“म्हणजे हक्क दिला, पेटीत घातला, आणि पेटीला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात?”

“हो.”

चोवीस डिसेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय ग्राहक दिनही असतो. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती या तारखेला. हे काकांना पुढे कधीतरी कळलं, आणि तेव्हापासून आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी ग्राहकांच्या हक्कांवर एक लहानसं भाषण होतं. करंज्या मिळायच्या आधी होतं, त्यामुळे उपस्थिती चांगली असते.

काकांना हे कुलूपप्रकरण समजायला वेळ लागला नाही, कारण ते त्यांनी लहानपणी घरात ऐकलेलं होतं. त्यांचे वडील कूळ. जमीन दुसऱ्याची, राबायचं यांनी, खंड भरायचा यांनी, आणि बांधावरचं झाड तोडायचं तरी परवानगी तिकडून. १९४८चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, त्या दिवसापासून कसणारं कूळ हेच जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. ‘३२ ग’ची सुनावणी, किंमत ठरणं, हप्ते, ‘३२ म’चं सर्टिफिकेट, सात-बाऱ्यावर नाव. हे काकांनी जेवताना इतक्या वेळा ऐकलं होतं, की पाढ्यांच्या आधी त्यांना कलमं पाठ झाली.

“बापाने जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली,” काका म्हणतात, “आणि मी वीस हजार रोख मोजून पुन्हा कूळ झालो. मालक कुठे बसतो तेही माहीत नाही. त्याला वाटलं की रात्री दोन वाजता घरात येऊन सामान इकडचं तिकडे करतो, आणि सकाळी वर सांगतो, ‘अपडेट यशस्वी.’”

यातूनच त्यांची ती घोषणा निघाली. ‘कसेल त्याची जमीन’ तशी ‘घसेल त्याचा फोन’. पडवीच्या पत्र्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलेली आहे. समुद्रावर जाणाऱ्या पर्यटकांना वाटतं इथे फोनच्या काचा बदलून मिळतात. काका त्यांना परत पाठवत नाहीत. आधी बसवतात, कूळकायदा सांगतात, मग काच नाही म्हणून सांगतात.

पोराने पुढे एक गोष्ट सांगितली, आणि ती काकांनी पोथीसारखी उचलली. अमेरिकेत १९९९मध्ये टिवो नावाची एक पेटी निघाली. टीव्हीवरचे कार्यक्रम साठवून ठेवायची. आत लिनक्स. कंपनीने परवान्याबरहुकूम मूळ आज्ञावली प्रसिद्धही केली, पण पेटीत सहीची तपासणी बसवली, त्यामुळे बदललेली आज्ञावली तिच्यावर चालेना. अक्षर पाळलं, हेतू गेला. १९९१च्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर उत्तर नव्हतं. म्हणून २९ जून २००७ला तिसरी आवृत्ती आली. ती म्हणते, घरगुती वापराची वस्तू विकत असाल, तर आतली आज्ञावली बदलून पुन्हा त्याच वस्तूवर बसवायला जे काही लागतं, किल्ल्या धरून, ते गिऱ्हाइकाला द्या.

“झालं की मग!” काका म्हणाले.

झालं नव्हतं. लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवल्ड्स याने तिसरी आवृत्ती घ्यायला नकार दिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मी आज्ञावली दिली, तुम्ही केलेले बदल मला परत द्या, हिशोब संपला, यंत्र तुम्ही बनवलंत, त्याला कुलूप लावायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. म्हणून अँड्रॉइड फोनच्या पोटातला लिनक्सचा गाभा आजही दुसऱ्याच आवृत्तीवर आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. यंत्र बनवणाऱ्याने ते कसं बनवावं हे आज्ञावली लिहिणाऱ्याने का सांगावं? मी हे काकांना एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी टेस्टर खाली ठेवला. “माणूस कामाचा आहे,” ते म्हणाले. “त्याच्या हाताखाली मी काम केलं असतं. पण तो कधी कूळ नव्हता रे.”

त्यांची खरी हळहळ वेगळीच. या तिसऱ्या आवृत्तीच्या मसुद्यावर चर्चा करायला ऑगस्ट २००६मध्ये बंगळूरला आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. “तेव्हा मी नोकरीत होतो,” काका कळवळून सांगतात. “रेल्वेचा पास होता. फुकट गेलो असतो! आणि कुणी एका शब्दाने सांगितलं नाही.” भुईगावच्या एका फिटरला कुणी सांगायला हवं होतं, हे त्यांच्या दृष्टीने उघड आहे.

नाताळ सरल्यावर काकांनी टीव्हीच्या कंपनीला पत्र लिहिलं. परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत अशी सोय आहे, की कंपनीने मूळ आज्ञावली वस्तूसोबत दिली नसेल, तर मागेल त्याला फक्त पाठवणावळ घेऊन देण्याची लेखी हमी द्यायची, आणि ती निदान तीन वर्षं पाळायची. काकांनी ही हमी टीव्हीच्या पडद्यावरून अक्षरशः उतरवून घेतली आणि पत्राला जोडली. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट. पत्र रजिस्टर्ड एडी. (१ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा काकांनी घरचं माणूस गेल्यासारखं दोन दिवस कुणाशी बोलणं केलं नाही.)

उत्तर आलं. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया टीव्हीचा प्लग काढून पाच मिनिटांनी पुन्हा लावा.’

काकांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा प्लग. मग त्यांनी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत लाल शाईने, मग कंपनीच्या कायदा विभागाला. पोस्टमन म्हणायचा, “काका, टीव्ही बदलून घ्या, स्वस्त पडेल.” अशी पत्रं लिहिणारे काका जगात एकटे नाहीत, हे मात्र सांगायला हवं. अमेरिकेत सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने ऑक्टोबर २०२१मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीला कोर्टात खेचलं, आणि ते कॉपीराइटचे मालक म्हणून नव्हे, तर टीव्हीचे साधे गिऱ्हाईक म्हणून. आज्ञावली मागायचा हक्क विकत घेणाऱ्याचाच आहे, असा त्यांचा दावा. हे वाचून काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्या संस्थेला वाडीतली सुकेळी पाठवायचं ठरवलं. परदेशी कस्टमच्या अटी वाचल्या आणि बेत रद्द केला.

शेवटी कुणा अधिकाऱ्याला दया आली असावी. एक दुवा आला. पोराने तो उघडला, मूळ आज्ञावली उतरवून घेतली. काका पेनड्राइव्ह घेऊन आमच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, तिथे सात-बारा, दाखले, परीक्षेचे फॉर्म निघतात.

“प्रिंट काढ.”

“किती पानं?”

पानं कुणालाच ठाऊक नव्हती. लिनक्सच्या गाभ्यात आज तीन कोटींहून जास्त ओळी आहेत, हे पोराला ठाऊक होतं. दुकानदाराने कॅल्क्युलेटर काढला. पानाला पन्नास ओळी, पानाला दोन रुपये. बारा लाखांवर आकडा गेला तेव्हा तो उठून उभा राहिला आणि त्याने काकांना स्वतःची खुर्ची दिली. “पहिली शंभर काढ,” काका म्हणाले. “सुरुवात तर कळेल.” आठव्या पानावर प्रिंटर थांबला. शाई होती. पण काडतूस पुन्हा भरलेलं होतं, त्यावरची चिप प्रिंटरला पटेना.

झालं. काकांचा चेहरा उजळला. दुकानात रांग होती, आणि रांगेला ती गोष्ट ऐकावी लागली. १९८०च्या सुमाराची. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. कागद अडकायचा आणि कुणाला पत्ता लागायचा नाही; तासाभराने जाऊन बघावं तर काम अर्धवट. तिथल्या एका प्रोग्रॅमरने आधीच्या प्रिंटरला युक्ती केली होती: कागद अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर निरोप. तीच युक्ती इथे करावी तर आज्ञावली हातात नाही. ज्याच्याकडे होती त्याला जाऊन भेटला, तर तो म्हणाला, न देण्याच्या करारावर सही केलीय. प्रोग्रॅमर उलट पावली फिरला. त्या रागातून पुढे १९८३मध्ये ग्नू प्रकल्प, १९८५मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि मग हा सगळा परवाना.

“रिचर्ड त्याचं नाव,” काका म्हणाले.

“कोणता रिचर्ड?” रांगेतून एक आजी. “गासचा?”

“नाही हो, स्टॉलमन.”

“मग नंदाखालचा असेल. तिथे आहे एक, डोक्याने जरा तसाच.”

आमच्या भागात रिचर्ड इतके आहेत, की ही शंका निर्मळच्या जत्रेपर्यंत चालू राहिली. आजही गावातल्या निम्म्या लोकांची समजूत आहे, की प्रिंटरचं भांडण नंदाखालला झालं आणि फिटरकाका त्यात मध्यस्थ होते.

आता काकांच्या हाताला यश येतं की नाही, हा प्रश्न कुणीही विचारील. येतं, कधीकधी. एका जुन्या राउटरवर त्यांनी आणि पोराने ओपन-डब्ल्यूआरटी नावाचं खुलं सॉफ्टवेअर बसवलं, आणि तो मेलेला डबा आजही चर्चच्या हॉलमध्ये चालतो. त्याची कुळकथाही याच परवान्याची. २००३मध्ये लिंक्सिसच्या एका निळ्या राउटरच्या पोटात लिनक्स सापडलं, लोकांनी परवाना दाखवून आज्ञावली मागितली, कंपनीला द्यावी लागली, आणि त्या आज्ञावलीतून हे सगळं उभं राहिलं. मागितलं तर मिळतं, याचा हा पुरावा म्हणून काका त्या राउटरला हार घालायचेच बाकी ठेवतात. उलट बाजूला, जावयाच्या घड्याळाचं काय झालं हे वर आलंच आहे.

पण उन्हाळ्यातल्या पंपाची हकीकत सांगायलाच हवी. काकांच्या शेजारच्या वाडीतल्या भावाने बावखलावरच्या मोटरीला मोबाइलने चालणारा डबा बसवला होता. मुंबईच्या लोकलमध्ये बसून बटण दाबायचं, इकडे वाडीत पाणी. दोन उन्हाळे छान गेले. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात, मोगरा ऐन बहरात आणि केळीला रोज पाणी लागत असताना, ॲप म्हणालं, ‘सर्व्हर उपलब्ध नाही.’ कंपनीला फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही. कंपनीच गुंडाळली गेली होती. मोटर ठणठणीत, वीज आहे, बावखलात पाणी आहे, आणि केळी सुकतायत. कारण कुठल्यातरी शहरातलं एक मशीन कुणीतरी बंद केलं आणि परवानगी देणारं कुणी उरलं नाही.

रात्री डबा पडवीत आला. अर्धी आळी बॅटऱ्या घेऊन जमली. काकांनी सहा स्क्रू काढले, सातवा सापडला तो स्टिकरखाली. “स्टिकरखाली स्क्रू लपवणाऱ्याच्या मनात काय असतं सांगा!” असं त्यांनी जमावाला विचारलं, जमावाला मोगऱ्याची काळजी होती. आत काळं रेझिन ओतून बोर्ड गाडून टाकला होता. हीटगनने, चिमट्याने, काकांच्या जुन्या दाताच्या ब्रशने तो मोकळा केला. पोराने लॅपटॉपच्या वायरी लावल्या. चिपने उत्तर दिलं: वाचायला मनाई. पोराने तीन तऱ्हांनी विचारलं, चिप एकाच तऱ्हेने नाही म्हणाली. मध्यरात्र उलटली. मग काका काही न बोलता उठले, फळीवरून आपला जुना स्टार्टर काढला, हिरवं बटण, लाल बटण, त्यावरची धूळ पुसली आणि जोडून दिला. मोटर सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावाच्या बायकोने दुसऱ्या दिवशी गजरा आणि केळ्याचा घड पाठवला.

काका मात्र आठवडाभर उदास. “मोटर चालू केली मी,” ते म्हणत. “डबा नाही.”

काका कायदा तोडतात का? असा संशय खुद्द काकूंना आहे. म्हणून काका आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्ये आणखी एक झेरॉक्स बाळगतात: कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ आणि कलम ६५अ. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने असलं कुलूप फोडणं हेच मुळात बेकायदेशीर, आणि दर तीन वर्षांनी अपवाद मागून घ्यावे लागतात. शेतकऱ्याला स्वतःच्या ट्रॅक्टरचं कुलूप दुरुस्तीसाठी उघडायची मुभा मिळाली तीच मुळी २०१५मध्ये. आपल्याकडे २०१२मध्ये आलेलं कलम ६५अ तेवढं तुसडं नाही. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप फोडलं, तर गुन्हा. हेतू तो नसेल तर नाही. आणि कलम ५२ कायदेशीर वापरणाऱ्याला आज्ञावली कशी चालते ते बघायची, तपासायची मोकळीक देतं. काकांच्या मते हा भारतीय संसदेने त्यांना व्यक्तिशः पाठवलेला निरोप आहे. केंद्राच्या ग्राहक खात्याने २४ डिसेंबर २०२२ला दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं; शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. कंपन्यांनी तिथे दुरुस्तीची माहिती द्यायची आहे. कुलपाच्या किल्लीबद्दल तिथे कुणी काही बोलत नाही, अशी काकांची तक्रार, आणि ती खरी आहे.

एका वस्तूपुढे मात्र ते हात मागे घेतात: विजेचा मीटर. तिथे २००३च्या वीज कायद्याचं कलम १३५ आहे, आणि काकांनी तेही वाचलं आहे. तरी नवा मीटर लावायला आलेल्या माणसाला त्यांनी विचारलंच, “यातल्या आज्ञावलीचा परवाना कोणता?” तो शिडीवरून म्हणाला, “काका, मी कंत्राटी.”

काकांची चेष्टा सगळे करतात, मीही करतो आहे. पण गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पत्त्यांच्या जोडीदाराला पेसमेकर बसला आणि काका दवाखान्यात भेटायला गेले. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “यात आज्ञावली असते ना? ती तुम्ही बघितलीय?” डॉक्टर म्हणाले, “काका, आधी तुमचं बीपी बघू या.” मित्राच्या बायकोने सांगितलं, टेस्टर बाहेर ठेवून आत या. सगळे हसले. हा प्रश्न जगात एका वकीलबाईंनी आधीच विचारलेला आहे. केरन सँडलर यांच्या छातीत डिफिब्रिलेटर आहे. बसवण्याआधी त्यांनी त्याची मूळ आज्ञावली बघायला मागितली, मिळाली नाही. पुढे त्या गरोदर असताना हृदयाची साधी धडधड यंत्राला धोका वाटली आणि त्याने त्यांना विनाकारण झटके दिले. यंत्राची समजूत घालायची सोय नव्हती, म्हणून हृदयाचे ठोके मंद करायच्या गोळ्या त्यांना घ्याव्या लागल्या. यंत्र शरीराच्या तालावर चालेना, तर शरीराला यंत्राच्या तालावर आणलं. आज त्या वर सांगितलेल्या, व्हिझिओशी भांडणाऱ्या संस्थेच्या प्रमुख आहेत. काकांना ही हकीकत मी सांगितलेली नाही. सांगितली तर ते पुन्हा दवाखान्यात जातील.

वसईला ताब्याचं भांडण नवं नाही. २००९मध्ये महापालिका झाली तेव्हापासून गावं आत की बाहेर, यावर मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. गाव कुणाच्या ताब्यात असावं, हे विचारायला आमची माणसं रस्त्यावर उतरतात. खिशातला फोन कुणाच्या ताब्यात आहे, हे विचारायला पडवीत एकटे काका बसतात. माझं मत विचाराल तर काका दहातल्या नऊ वेळा कंटाळवाणे असतात आणि दहाही वेळा बरोबर असतात. घरच्यांना हे जड जातं, आणि काकूंनी तसं बोलूनही दाखवलं आहे.

तेव्हा समुद्र बघायला भुईगावला जरूर या. सुरूच्या बनात बसा, वाटेत मोगरा घ्या, वाडीतली केळी घ्या. पत्र्यावर लाल अक्षरं दिसली तर वेग कमी करू नका. आणि थांबलातच, तर फोन किती दिवस चार्ज राहतो वगैरे काही बोलू नका, घड्याळ बाहीत सरकवून ठेवा. आणि जेवूनच या, कारण काका आधी तुमच्या फोनच्या अटी वाचून घेतील.